तुरीच्या डब्याला सांगा

भोकरदनच्या कल्याण दांडगेचं सगळं कर्ज फिटलं. घराची कागदं घरातच राहिली आणि फायनान्स कंपनीनं त्याला ‘प्रिय ग्राहक, आम्हाला तुमची आठवण येते’ असा मेसेज पाठवला.

पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरू. नागरिक बंधुभगिनींनो, शेवट आधी कळला की माणूस गोष्टीकडं, पगार झाल्यावर उधारीच्या दुकानाकडं बघतो तसं बघतो. म्हणजे दुसऱ्या गल्लीनं जातो. तेव्हा काहीही फिटलेलं नाही. महिन्याची पाच तारीख आहे, कल्याण दात घासत ओट्यावर उभा आहे आणि त्याच्या खिशातला फोन थरथरतोय. फोनही हप्त्यावरचाच. स्वतःचाच हप्ता थकला म्हणून थरथरणारा फोन कल्याणनं दुप्पट पैसे मोजून घेतला होता.

कल्याण जालन्याच्या एका बियाणे कंपनीत होता. तालुक्यातल्या गावागावांत फिरून कोणतं वाण कसं उगवतं ते सांगणं हे त्याचं काम. पगार बरा होता. एक तारखेला येई आणि पाचच्या आत, पाहुणचार न आवडलेल्या पाहुण्यासारखा, निरोप न घेता निघून जाई. कुठं जाई ते घरात शिरलं की दिसे. टीव्ही एवढा मोठा होता की तो नीट दिसावा म्हणून उंबऱ्याबाहेर बसावं लागे. ज्या गल्लीत आठवड्यातून एकदा नळ येई, त्या गल्लीत कपडे धुवायचं मशीन होतं. ते सहा दिवस विश्रांती घेई. आणि मधल्या खोलीत पळायचं मशीन होतं. त्याच्यावर कल्याण एकदा पळाला होता. नंतर त्याच्या बायकोनं, दैवशालानं, त्यावर बाजरीच्या खारोड्या वाळत घातल्या. मशीन बरं निघालं, खारोड्या चांगल्या वाळल्या.

हे सगळं कशाला घेतलं, असं विचारलं की कल्याणचं उत्तर ठरलेलं असे. “आजकाल सगळ्यांकडंच असतं.”

फोनचा हप्ता भरायला त्यानं फोनमधल्याच एका ॲपवरून कर्ज काढलं. त्या ॲपचं फेडायला दुसऱ्या ॲपवरून. अशी ती ॲपं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली आणि सगळ्यात खाली कल्याण. मात्र दर वेळी कर्ज घेताना ‘ओळखीच्या माणसाचा नंबर’ अशी एक जागा भरावी लागे, आणि तिथं त्यानं आपल्या वडिलांचा, रखमाजींचा, नंबर टाकला. आबांना कोण फोन करतंय, असा त्याचा विचार होता.

तो विचार बरोबर होता. रखमाजींना कुणीच फोन करत नव्हतं. म्हणून वसुलीवाल्यांचा पहिला फोन आला तेव्हा त्यांना फार आनंद झाला.

रखमाजी एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरात कुणी उंबऱ्यावर उभं राहिलं की ते अजून म्हणत, “पुढं सरका, मधी जागा हे.” फोन वाजला तसा त्यांनी चष्मा लावला. ऐकायला चष्मा कशाला, हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

पलीकडून एका तरुण, करड्या आवाजानं विचारलं की कल्याण दांडगे तुमचे कोण. रखमाजी म्हणाले, पोरगा, आणि तुमचं गाव कोन्तं? आवाज अडखळला. कर्जदार शिव्या देतात, रडतात, राँग नंबर म्हणतात. गाव कोणी विचारत नाही. टेंभुर्णी, असं तो म्हणून गेला आणि तिथंच फसला. कारण रखमाजींची मुक्कामी गाडी कित्येक वर्षं टेंभुर्णीला असे. टेंभुर्णीत कुणाचा, हा पुढचा प्रश्न. बद्रीनाथचा नातू, हे उत्तर. मग रखमाजींनी सांगितलं की बद्रीनाथनं एकदा गाडीत शेळी चढवली आणि शेळी लहान आहे म्हणून तिला हाफ तिकीट लावा असा हट्ट धरला, शेळीच्या वयाचा दाखला कुठून आणायचा यावर अख्खी गाडी फाट्यापर्यंत भांडत आली. पलीकडचा आवाज हसायला लागला. त्याचं नाव राजानंद. संभाषण रेकॉर्ड होत आहे, असं त्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं. ते रेकॉर्डिंग आजही कंपनीकडं असेल. प्रशिक्षणासाठी वापरतात की नाही, कळायला मार्ग नाही.

त्यानंतर राजानंदचा एक दिवसाआड फोन येऊ लागला. कल्याणला याचा पत्ता लागला तो एका संध्याकाळी जेवताना. रखमाजी भाकरी मोडत म्हणाले, “राजानंदच्या मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बराबर झालं बरं का.”

“कोण राजानंद?”

“तुझा वसुलीवाला.”

कल्याणला ठसका लागला. दैवशालानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला, पण जरा सावकाश सरकवला.

मग राजानंद घरीच यायला लागला. वसुलीला येई, चहा घेई, रखमाजींकडून जुन्या गाड्यांच्या गोष्टी ऐकून जाई. स्वतः राजानंदवरही कर्ज होतं, आणि तेही त्याच कंपनीचं. एकदा वसुलीच्या यादीत त्याचंच नाव त्याच्याकडं आलं. त्यानं नियमाप्रमाणे स्वतःला फोन लावला. लाइन बिझी आली. तशी त्यानं प्रामाणिकपणे नोंद केली.

हा राजानंद एका गुरुवारी कागद घेऊन आला. कंपनीची नवी योजना होती. हप्ते थकलेल्यांना कंपनी घर गहाण ठेवून सहा लाख देणार, त्यातून जुने हप्ते एकदम मिटणार आणि वर हातात काही राहणार. सकाळी जो मागायला येई, तोच दुपारी द्यायला आला. कल्याणला हे देवानं धाडल्यासारखं वाटलं. कारण हातात जे काही राहणार होतं त्याला त्यानं मनातल्या मनात काम लावूनही टाकलं होतं: पोराचं जावळ. दीड वर्षाचं पोरगं, केस खांद्यापर्यंत आलेले. शेजारच्या भागवतनं आपल्या पोराच्या जावळाला डीजे लावला होता आणि चौकात बॅनर. कल्याणच्या मनात डीजे होता, त्याहून मोठा बॅनर होता आणि वरून ड्रोन.

अडचण एकच होती. घर रखमाजींच्या नावावर होतं. सही त्यांची लागणार होती.

दैवशालाला हे कळलं त्या दिवशी काटवटीत भाकरी थापायचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. पलीकडच्या मैमूनाचाचीनं भिंतीवरून विचारलं, “क्यों गे, भाकरी कर रही के किसी को मार रही?”

“दोन्ही,” दैवशाला म्हणाली.

त्या घराचं काय मोल होतं, ते सांगायला हवं. घर मोठं नव्हतं. दोन खोल्या, मागं पत्र्याचं स्वयंपाकघर, पुढं ओटा. पण ते तुरीच्या डब्यातून उभं राहिलं होतं. हे बोलण्याची रीत म्हणून सांगत नाही. खरोखरच डब्यातून.

कल्याणची माय नंदाबाई होती तेव्हा स्वयंपाकघराच्या फळीवर पत्र्याचे डबे होते. तुरीच्या डब्यात घराचे पैसे. हरभऱ्याच्या डब्यात शाळेचे. साखरेच्या डब्यात सणावाराचे आणि पाहुण्यांचे. मिठाच्या डब्यात दुखण्याखुपण्याचे, कारण मिठाला कुणी उगीच हात लावत नाही. पगार झाला की रखमाजी पाकीट तिच्या हातावर ठेवत, आणि ती जमिनीवर बसून आधी डबे भरी, मग उरलेल्यात महिना चालवी. आधी महिना आणि उरलं तर डबे, असं तिनं कधी केलं नाही. पैसे पिशवीत गुंडाळून डाळीत खोल पुरलेले असत. त्यामुळं दांडग्यांच्या नोटांना डाळीचा वास येई. रामकिसन किराणावाला नोट नाकाशी नेऊन म्हणे, “वैनी, ही हरभऱ्याची दिसती. पोराची फी मोडली काय?” आणि नंदाबाई लाजून ती नोट परत घेई.

डब्याची एक रीत होती. ज्याला पैसे पाहिजेत त्यानं फळीपुढं उभं राहून डब्याला तोंडानं सांगायचं: किती पाहिजेत आणि कशाला. नंदाबाई खाली बसून मेथी निवडत असे. ती वर बघत नसे. कुणालाही कधी नाही म्हटलं नाही तिनं. ती एवढंच म्हणे, “मला काय इचारता? डब्याला सांगा.”

एकदा रखमाजींना काळा गॉगल हवा होता. त्यांच्याबरोबरच्या भारत कंडक्टरनं घेतला होता. रखमाजी खाकी शर्ट खोचून फळीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, “काळा गॉगल. कारण की…” आणि पुढं काही येईना. चुलीवर वरणाला उकळी आली. रखमाजी “राहू द्या” म्हणाले, तांब्याभर पाणी प्याले आणि ड्युटीवर गेले. तिकडं भारतच्या गॉगलनं आठवड्यात दांडी मोडून घेतली. डब्याला ते आधीच माहीत होतं, असं रखमाजींचं पुढं कायम म्हणणं पडलं.

कल्याण पाचवीत असताना शाळेची सहल जांब समर्थला निघाली. तोही हरभऱ्याच्या डब्यापुढं उभा राहिला. सहलीचे पैसे पाहिजेत, कारण सगळे चाललेत. नंदाबाईचा हात मेथीत थांबला. ती म्हणाली, “हे सगळ्यांचं कारण झालं. तुझं सांग.” कल्याणनं खूप विचार केला. पायाच्या अंगठ्यानं शेणानं सारवलेली जमीन उकरली. मग म्हणाला, “मी अजून आबांच्या गाडीबिगर कोन्तीच गाडी पाह्यली न्हाई. मला दुसऱ्या कंडक्टरच्या गाडीत बसायचंय.” नंदाबाई हसली आणि उठून डबा काढला.

आणि एकदा रखमाजींचाही अर्ज मंजूर झाला. ती गोष्ट कल्याणला फोटोवरून माहीत होती. घरात माय आणि आबांचा एकच फोटो होता, जालन्याच्या स्टुडिओतला. रखमाजींनी डब्याला सांगितलं होतं, “एक फोटो काढायला पैसे पाहिजेत. दोघांचा. कारण की आपला दोघांचा एकबी फोटो न्हाई.” रजा मिळाली नाही. म्हणून नंदाबाई त्यांच्याच ड्युटीच्या गाडीनं जालन्याला गेली आणि गाडी थांबते तेवढ्या वेळात दोघं स्टुडिओत जाऊन आली. फोटोत रखमाजी खाकी कपड्यांत आहेत, खांद्याला कातड्याची पिशवी, आणि चेहरा असा की आत्ता कुणीतरी बिनतिकिटाचा सापडला आहे. नंदाबाई मात्र हसते आहे.

नंदाबाईला जाऊन चार वर्षं झाली होती. डबे फळीवर होते. तुरीच्या डब्यात आता चार्जर होते.

रविवारी सकाळी राजानंद कागद घेऊन आला. कल्याणनं पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. रखमाजी धुतलेला पायजमा, टोपी घालून बसले होते. सही करणार, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळं दैवशालानं त्यांच्या चहात साखर घातली नव्हती. त्यांनी तो चहा तोंड वाकडं न करता संपवला आणि म्हणाले, “सही देतो. पण घर तुरीच्या डब्याचं हे. त्याला सांगावं लागंल.”

कल्याण हसला. मग त्याला दिसलं की आबा हसत नाहीत.

“आबा, बाहेरचा माणूस बसलाय.”

“बसू दे. आरं, तुह्या मायपुढं मी जलमभर उभा राह्यलो. तुला आजच लाज वाटून राह्यली?”

दैवशालानं न सांगता डबा काढला, चार्जरचा गुंता बाजूला ठेवला आणि मोकळा डबा फळीवर परत ठेवला. इतक्यात मैमूनाचाची वाटी घेऊन आली. परवा नेलेली उसनी साखर परत करायला. काय चाललंय ते तिला विचारावं लागलं नाही. ती नंदाबाईच्या जागी, खाली, भिंतीला टेकून बसली. राजानंदनं उगीचच चपला काढल्या.

कल्याण फळीपुढं उभा राहिला. रोज मोठमोठ्या मेळाव्यांत माइक धरून बियाण्याची उगवणशक्ती सांगणारा माणूस. त्याला समोरच्या पत्र्याच्या डब्यात आपला चेहरा दिसत होता, पोचा असलेल्या जागी वाकडा.

“सहा लाख,” तो म्हणाला. “जुने हप्ते एकदम फेडायला.”

“कशाकशाचे?” रखमाजींनी डब्याच्या वतीनं विचारलं.

“टीव्हीचे. फोनचे. ॲपचे. पळायच्या मशीनचे.”

“मी खारोड्या काढून घेऊ का, पळणार असताल तर?” दैवशाला म्हणाली.

“आणि जावळाला,” कल्याण घाईनं म्हणाला. “मंडप, जेवण, डीजे, बॅनर. आणि ड्रोन.”

“वो क्या रहता?” चाचीनं विचारलं. राजानंदनं तिला सांगितलं की हवेत उडणारं यंत्र असतं, वरून शूटिंग घेतं. चाचीनं विचार केला. “डोकं इत्तंसं. खालून दिसत न्हाई का?”

“सगळ्यांच्या जावळाला असतं, चाची. आजकाल सगळेच…”

आणि कल्याण थांबला. फळीवरून नाही, भिंतीवरून नाही, त्याच्या स्वतःच्या आतून ते आलं, मेथीच्या वासासकट. हे सगळ्यांचं कारण झालं. तुझं सांग.

तो शोधायला लागला. टीव्ही कशाला घेतला होता? भागवतकडं होता म्हणून. पळायचं मशीन कशाला? बियाणे कंपनीतल्या साहेबांच्या घरी होतं म्हणून. इतक्या वस्तू घरात आल्या, इतके हप्ते गेले, आणि त्यातल्या एकाचंही स्वतःचं असं कारण त्याला सापडेना. सहलीच्या वेळी तरी सापडलं होतं. पाचवीतला कल्याण त्याच्यापेक्षा श्रीमंत होता.

“माझं कारण…” त्याचा आवाज बारीक झाला. “लोकांनी म्हणावं, कल्याणचं बरं चाललंय.”

“आन् चाललंय का?” रखमाजींनी विचारलं. अगदी हळू. शेवटचा स्टॉप आला तरी झोपलेल्या प्रवाशाला उठवतात तसं.

“न्हाई, आबा. न्हाई चाललं.”

पहिल्या हप्त्यापासून मोजलं तर एवढं बोलायला त्याला तीन वर्षं लागली होती! तो खालीच बसला. दीड वर्षाचं पोरगं दुडूदुडू आलं आणि बापाच्या मांडीवर चढून त्याच्या खिशातला फोन ओढायला लागलं. फोन थरथरला. पोरगं खुदकन हसलं. हप्त्याच्या मेसेजवर त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं.

रखमाजींनी चाचीनं आणलेली वाटी उचलून कल्याणपुढं धरली. साखर वाटीच्या काठावर डोंगरासारखी चढली होती, सांडायच्या बेतात.

“ही बघ. चाचीनं सपाट वाटी नेल्ती. परत आणताना शीग लावून आणली. तुझी मायबी तसंच करायची. पण ती फकस्त शेजाऱ्याला न्हाई करायची, डब्यालाबी करायची. हरभऱ्याच्या डब्यातून सणाला उचलले, तर महिन्याला परत ठेवताना वर चार रुपये शीग. मी एकदा म्हणलो, अगं, आपल्याच घरात आपल्यालाच व्याज? तर म्हणली, मंग काय सावकाराला देऊ? त्या चार-चार रुपयांच्या शिगंतून ह्या दोन खोल्या झाल्या. तू शीग द्यायला शिकला, कल्याण, मायसारखीच भरभरून देऊन राह्यला. फकस्त वाटी परक्याच्या दारात नेऊन राह्यला.”

कल्याणनं पेनाला टोपण लावलं. एवढाच आवाज झाला.

राजानंद चुळबुळत उभा होता. कागद परत पिशवीत घालत तो म्हणाला, “काका, मी बोलू का डब्याशी? दोनच मिंटं.”

“बोल की. बद्रीनाथचा नातू तू. शेळीबिळी न्हाई ना सोबत?”

राजानंदनं टोपी नसताना टोपी काढल्यासारखं केलं आणि फळीपुढं जाऊन आपल्या हप्त्यांचं सगळं सांगितलं. कंपनीच्या कागदावर त्या सकाळची नोंद ‘ग्राहकाशी चर्चा समाधानकारक’ अशी झाली.

पुढचं वेगानं झालं नाही. कर्ज मोटारसायकलवर येतं आणि बैलगाडीनं जातं. पहिल्यांदा टीव्ही विकला; तो दारातून बाहेर काढताना कळलं की आत कसा आणला होता ते कुणालाच आठवत नाही. पळायचं मशीन भागवतनंच घेतलं, कारण ते त्याच्याकडं नव्हतं. ॲपं उडवली. मग सगळ्यात छोटं कर्ज आधी धरलं, ते संपलं की त्याचा हप्ता पुढच्याला जोडला, ते संपलं की दोन्ही तिसऱ्याला. आणि हे चालू असतानाही मिठाचा डबा आधी भरायचा, असं दैवशालानं ठणकावलं. घरात कुणी आजारी पडलं तर पुन्हा त्याच कंपनीच्या दारात जायचं का, असं तिचं म्हणणं. पैसे आता पोस्टात जात. डबा फक्त ऐकायचं काम करी, पण ते त्याचं जुनंच काम होतं.

सगळ्यात अवघड महिना तिसरा गेला. कल्याणला एक घड्याळ फार आवडलं, पावलं मोजणारं. तो दुकानातून घरी आला, बूट न काढता फळीपुढं उभा राहिला, म्हणाला, “घड्याळ. कारण की…” आणि डाळीला उकळी आली. तो तांब्याभर पाणी प्याला. पलंगावर पडलेले रखमाजी डोळे मिटून म्हणाले, “गॉगल?” कल्याण म्हणाला, “गॉगल.” आणि बाप-लेक कितीतरी वेळ हसत राहिले. माय गेल्यापासून ते असे एकत्र हसले नव्हते.

जावळ ओट्यावर झालं. पोराच्या मामानं मांडीवर घेतलं, न्हाव्यानं केस काढले, दैवशालाच्या माहेरची माणसं, गल्लीतली माणसं, चाची, राजानंद आणि त्याची माय. तिला नव्या डोळ्यानं सगळं फार छान दिसत होतं आणि ते ती प्रत्येकाला सांगत होती. पुरणपोळी झाली. वरून बघायची हौस मात्र राहून जाऊ नये म्हणून रखमाजी शिडी लावून पत्र्यावर चढले होते. नातवाचा गोटा झाल्यावर त्यांनी वरून ओरडून सांगितलं, “वरूनबी बराबर दिसून राह्यलं!” ड्रोनचा खर्च वाचला. रखमाजींना खाली उतरवायला मात्र चार माणसं लागली.

तर वाचकहो, दोन वर्षांनी जे झालं ते पहिल्याच ओळीत चुकून निघून गेलं होतं. ते आता पुन्हा घडलं असं धरा. आणि ज्यासाठी हे सगळं सांगितलं तेही सरळ सांगून टाकतो. पगार आला की आधी डबा भरा, मग महिना चालवा. कर्ज फेडायला कर्ज काढू नका. व्याज द्यायचंच असेल तर आपल्याच डब्याला द्या. आणि एखादी वस्तू घ्यावीशी वाटली, तर घरातल्या माणसांपुढं उभं राहून मोठ्यानं सांगा, किती आणि कशाला. कारण सगळ्यांचं असेल तर पाणी प्या. कारण तुमचं स्वतःचं असेल तर डबा नाही म्हणत नाही. त्यानं कधीच कुणाला नाही म्हटलेलं नाही.

शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी सकाळी कल्याण तोंड धुऊन स्वयंपाकघराकडं आला आणि दारातच थांबला. आत रखमाजी फळीपुढं उभे होते. अंगात जुना खाकी शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. ते कार्यालयात बोलावं तसं, एक-एक शब्द सुटा करून बोलत होते.

“माननीय तुरीचा डबा यांस. अर्जदार रखमाजी दांडगे, माजी वाहक, राज्य परिवहन. विषय, एका फेरीची मंजुरी मिळणेबाबत. वरील विषयी सविनय विनंती की, फोटो काढायला जाते वेळी अर्जदार ड्युटीवर असल्या कारणानं भोकरदन ते जालना पूर्ण प्रवासात उभा होता. श्रीमती नंदाबाई रखमाजी दांडगे यांच्या शेजारची जागा रिकामी असताना अर्जदारानं ती दुसऱ्या प्रवाशाला दिली. तरी सदर नंदाबाई यांच्यासह त्याच गाडीनं, त्याच जागेवर, बसून जाण्याची एक फेरी मंजूर करण्यात यावी. खिडकी त्यांना देण्यात यावी. कारण अर्जदाराचं स्वतःचं आहे. तिकिटाचे सुट्टे पैसे सोबत आणले आहेत.”